रिकामा मध्यस्थ

मध्यस्थ या जातीविषयी माझे मत फारसे चांगले नाही. लग्न जुळवणारा घ्या, की जागा मिळवून देणारा घ्या. दोघांच्या मध्ये उभा राहिला की स्वतःचे काहीतरी त्यात मिसळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या जातीत मला एकच सज्जन भेटला. तो म्हणजे कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर.

मामा गेले आणि त्यांचा झेनिट कॅमेराही त्यांच्या मागोमाग गेला. शटरचा कापडी पडदाच फाटला. भिंग मात्र ठणठणीत होते. हेलिओस ४४-२, झाइसच्या बिओटारच्या धर्तीवर रशियात घडलेले, ५८ मिलिमीटरचे, वजनाला चांगले पावशेर. त्याच्या बुडाशी ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे. १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एसवर हे आटे आले. पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट यांनीही तेच पत्करले. त्यामुळे जर्मन भिंग जपानी कॅमेऱ्यावर सुखाने नांदे!

मामांच्या नातीने ते आपल्या सोनी कॅमेऱ्यावर बसवायचे ठरवले, तेव्हा मामीचा जीव कळवळला. “अगं, इतकी वर्षं एकत्र राहिली ती दोघं. आता कशाला ताटातूट?”

नातीने मागवलेला ॲडॅप्टर मी डोळ्याला लावून पाहिला. आरपार पोकळ! माझ्यातला मास्तर लगेच वजाबाकीला बसला. या भिंगाला बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. मध्ये आरसा हलायला जागा हवी ना! सोनीत आरसा नाही, म्हणून तेच अंतर अवघे १८. उरलेले पावणेतीन सेंटिमीटर ही नळी भरून काढते. बस्स, एवढेच तिचे काम. निकॉनच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत मात्र हे अंतर ४६.५, तिथे भिंग मिलिमीटरभर लांब पडते आणि दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही. मग ॲडॅप्टरमध्ये काच घालावी लागते, आणि मध्यस्थाने पदरची काच घातली की चित्राचा कस बहुधा उतरतोच.

भिंग बसले, पण कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नाही. भिंगाशिवाय फोटो काढण्याची परवानगी त्याला आधी द्यावी लागली. पुढे सारे हाताने. नात कडे फिरवीत राहिली आणि मामीच्या डोळ्यांभोवतीची एकेक सुरकुती पडद्यावर उमटेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. एरवी आम्ही कोणी मामीकडे इतका वेळ पाहिले असेल, असे वाटत नाही.

फोटोत मामीच्या मागचा पारिजातक भोवऱ्यासारखा गरगरलेला दिसला. हा या भिंगाचा दोष. छिद्र पूर्ण उघडले की मागची पाने अशी फेर धरतात. मामीने फोटो जवळ घेतला.

“ह्यांच्या फोटोत झाड असंच फिरायचं,” ती म्हणाली.

मग तिने खोक्यातून एक झाकण शोधून काढले आणि झेनिटच्या उघड्या तोंडावर बसवले.