बर्फाचा पाहुणचार

मनुष्य निसर्गाकडे जातो तो बहुधा आपल्या अटी बरोबर घेऊनच जातो. पाऊस हवा, पण छत्री उलटूं नये. समुद्र हवा, पण त्यानें घोट्यापर्यंतच यावें. डोंगर हवा, पण माथ्यावर गरम चहा मिळावा. सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या आम्हां लोकांचें बर्फावरील प्रेम तर निव्वळ पुस्तकी. शाळेंत आम्हीं हिमालयाचीं वर्णनें पाठ केलीं, कॉलेजांत इंग्रज कवींच्या हिंवाळ्यावर टिपणें लिहिलीं, आणि प्रत्यक्ष बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या पेल्यांत!

२०२३ सालच्या जानेवारीच्या अखेरीस आम्ही बारा जण स्कीइंग शिकण्याकरितां गुलमर्गला गेलों. आमच्यांत कांहीं प्राध्यापक, त्यांचीं कुटुंबें व दोन माजी विद्यार्थी होते. स्की या नॉर्वेजियन शब्दाचा मूळ अर्थ फाडलेल्या लांकडाची फळी एवढाच. तसल्या फळ्यांवरून नॅन्सेननें १८८८ सालीं ग्रीनलंड ओलांडलें. गुलमर्गच्या कुरणांत वीस पावलें न पडतां जाणें, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याला तीही पुरते. आयुष्यभर इतरांना शिकविणाऱ्यास पडावें कसें आणि उठावें कसें हें एक काश्मिरी शिक्षक हात धरून शिकवीत होता, आणि आमचीं मुलें तें दृश्य अतृप्त डोळ्यांनीं पाहत होतीं. त्याला आम्ही सर्व ‘उस्ताद’ म्हणूं लागलों.

तिसऱ्या रात्रीं बर्फ पडूं लागला. भूमध्य समुद्राकडून निघणारे वाऱ्यांचे भोंवरे इराण-अफगाणिस्तानावरून येऊन हिमालयाला भिडतात, तेव्हां काश्मिरांत असा हिमपात होतो, हें भूगोलाच्या प्राध्यापकांनीं आम्हांस सविस्तर समजावून सांगितलें. पण त्यामुळें तो थांबला नाहीं. ३० जानेवारीला श्रीनगरचीं विमानें रद्द झालीं, जम्मूचा रस्ता बंद पडला, आणि खालीं टंगमर्गकडे जाणारी वाट पांढऱ्या भिंतीआड गेली. वीजही गेली. बुखारीभोंवतीं बारा माणसें, आणि प्रत्येकाच्या मनांत एकेक तक्रार! कोणाच्या कन्येची परीक्षा जवळ आली होती, कोणाची रजा संपत होती, कोणाच्या मातोश्री पुण्यास एकट्या होत्या. “हीच तारीख कोणीं ठरविली?” हा प्रश्न प्रथम हळू, मग मोठ्यानें विचारला गेला. बर्फासाठीं हजारों रुपये खर्चून आलेलीं माणसें बर्फ पडला म्हणून एकमेकांवर रागावलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं आकाश किंचित् उघडलें. आमच्या माजी विद्यार्थ्यांस स्कीइंग पूर्वीपासून चांगलें येत होतें. त्यांनीं उस्तादाला अफरवटच्या वरच्या उतारावर नेण्याची गळ घातली. १९९८ सालीं सुरू झालेला गोंडोला २००५ पासून थेट अफरवटच्या खांद्यापर्यंत जातो. तेथील अस्पर्श बर्फासाठीं दूरदूरच्या देशांतून लोक येतात. मुलांनीं दुप्पट मजुरी देऊं केली.

उस्ताद फेरनच्या आंत कांगडी सांवरीत म्हणाला, “नाहीं, भाई. आज नव्हे, उद्यांही नव्हे.”

“पण आतां तर ऊन पडलें आहे!”

“ऊन पडलें म्हणूनच.”

मग त्यानें कारण सांगितलें. जुना बर्फ गोठून कठीण झालेला असतो. त्यावर पडलेला नवा थर लगेच चिकटत नाहीं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर टांगून ठेवल्यासारखा असतो, आणि कधीं कधीं एका माणसाचें वजनही त्यास पुरतें. वादळांत कोणी वर जात नाहीं. वादळ निवळल्यावर सगळ्यांना मोह होतो. त्याच अफरवटच्या पायथ्याशीं ८ फेब्रुवारी २०१० रोजीं सैन्याच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमकडा कोसळून सतरा जवान मृत्युमुखीं पडले होते. “ते तर शिकलेले होते,” एवढेंच तो बोलला.

मुलें रुसलीं. आम्हांस मात्र दुसरेंच जाणवत होतें. या माणसाच्या कमाईचे दिवस वर्षांतून मोजके. तीन दिवस त्याचे बुडाले होते, आणि समोर आलेली दुप्पट मजुरी तो शांतपणें परत करीत होता.

१ फेब्रुवारीला दुपारीं बातमी आली. अफरवटवर हिमकडा कोसळून पोलंडहून आलेले दोन स्कीपटू मरण पावले. त्यांच्या बरोबरीच्या लोकांना वांचविण्यांत यश आलें. त्या संध्याकाळीं बुखारीपाशीं कोणी परीक्षेचें नांव काढलें नाहीं. विद्यार्थ्यांपैकीं थोरला उठून उस्तादापाशीं गेला व कांहीं न बोलतां त्याच्या शेजारीं बसला. उस्तादानें आपली कांगडी त्याच्या हातीं दिली.

निघतांना आम्हीं त्याला म्हटलें, “या बर्फानें तुमचें फार नुकसान केलें.” तो हंसला. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला काश्मिरी लोक ‘चिल्लई कलां’ म्हणतात. “या दिवसांतला बर्फ टिकतो, प्रोफेसरसाहेब,” तो म्हणाला. “उन्हाळ्यांत भाताला पाणी कोठून येणार? मागाहून पडणारा बर्फ हा पाहुणा, हा घरचा.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस पुढें अधिक उमगला. २०२४ च्या जानेवारींत गुलमर्गचें कुरण बर्फावांचून उघडें पडलें. २०२५ च्या फेब्रुवारींत तेथील राष्ट्रीय हिंवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावीं पुढें ढकलाव्या लागल्या. बर्फ पडल्यानें आमची सहल बिघडली होती; तो न पडल्यास एका खोऱ्याचें वर्ष बिघडतें. दुसऱ्याच्या घरीं उतरलेल्यानें त्या घरचा पाऊस-पाणी, सण-सुतक सगळें आपल्या सोयीनें व्हावें असें म्हणूं नये, हें आमच्या आजीला कोठेंही न जातां ठाऊक होतें. तिच्या नातवंडांना तें कळण्यास मात्र हिमालयापर्यंत जावें लागलें.