उत्तर कुणी दिलं?

मस्कतच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना कंपवाताच्या रुग्णांसाठी आम्ही ‘एमडीएस-यूपीडीआरएस’ ही मोजपट्टी वापरायचो. प्रश्न इंग्रजी, उत्तर अरबी आणि मध्ये दुभाषी. म्हणून मोजपट्टीच्या अरबी मसुद्याची रुग्णांबरोबर पडताळणी करायची ठरली, तेव्हा मी आपणहून पुढे झाले.

2008 साली प्रसिद्ध झालेल्या या मोजपट्टीचे चार भाग आहेत आणि प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. हातापायांच्या हालचाली आम्ही तपासतो, पण वीस प्रश्नांची उत्तरं रुग्णाने द्यायची असतात: गेल्या आठवड्यात लाळ गळली का, कुशीवर वळता येतं का, कपडे घालता येतात का. मसुद्याचं अरबीतून पुन्हा इंग्रजी करून तो मुळाशी ताडून झाला होता. आता प्रश्न रुग्णाला कळतो का, त्याचा संकोच वाटतो का, हे बघायचं होतं. त्यानंतर किमान 350 अरबी भाषक रुग्णांची चाचणी झाली, तरच भाषांतराला अधिकृत मान्यता मिळते.

जेवणाचा प्रश्न सहज पार पडला, कारण मुळातच काट्याचमच्यांबरोबर हाताने खाण्याचा उल्लेख आहे. हस्ताक्षराच्या प्रश्नाशी मात्र म्हाताऱ्या बायका थबकायच्या. 1970 पर्यंत ओमानमध्ये आधुनिक शाळा तीनच होत्या आणि त्याही मुलग्यांच्या. जिने आयुष्यात कधी लेखणी धरली नाही, तिचं अक्षर इतरांना वाचता येतं का, हे कसं विचारणार?

लघवीबद्दल विचारल्यावर एक वयस्क गृहस्थ ‘अल्हम्दुलिल्लाह, काही त्रास नाही’ म्हणाले. माझ्या ओमानी सहकारी नर्सने हलक्या आवाजात विचारलं, नमाज होईपर्यंत वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, टिकतो का? तेव्हा कळलं, की त्यांनी मशिदीत जाणंच सोडलंय. प्रश्नांचा मजकूर आम्हाला बदलता येत नव्हता, पण हे टिपण मी सविस्तर लिहून पाठवलं. माझ्या मते त्या मसुद्यावरचं ते सर्वांत मोलाचं टिपण होतं.

खरी अडचण मात्र भाषेत नव्हतीच. प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच एक चौकट असते: उत्तरं कोण देतंय? रुग्ण, काळजी घेणारी व्यक्ती, की दोघं सारखीच? आमच्याकडे रुग्ण एकटा कधी यायचाच नाही. मुलगा, सून, बहीण, भाचा सगळे सोबत, आणि प्रश्न संपायच्या आत मुलाचं उत्तर तयार. पुण्यातही मी हेच पाहिलं होतं. सासूबाईंना विचारावं आणि सुनेने सांगावं.

निझवाकडच्या एक आजी आल्या. थोरामोठ्यांना तिकडे ‘वालिद’, ‘वालदा’ म्हणतात, तशा त्या आमच्या वालदा. कपड्यांचा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, ‘आई काहीच करत नाही, सगळं आम्ही करतो.’ म्हणजे 4 गुण. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्तही होता. आईला धडपडत ठेवणं त्याला शोभलं नसतं. नर्सने त्याला बाहेर कॉफीला पाठवलं आणि प्रश्न पुन्हा वाचला. वालदा म्हणाल्या, ‘मला येतं. वेळ लागतो. ही मुलं थांबत नाहीत.’ नुसताच वेळ लागत असेल आणि मदत लागत नसेल, तर 1 गुण.

एकाच बाईला एकाच सकाळी 4 आणि 1! औषध वाढवायचं की नाही, व्यायाम कोणता द्यायचा, हे सगळं या आकड्यावरही ठरतं. मी त्यांना डोक्यावरची ओढणी काढून पुन्हा घ्यायला सांगितलं. उजवा हात थरथरत होता, कापड दोनदा खांद्यावरून घसरलं, पण त्यांनी ती नीट बसवली. आम्ही हात लावला नाही.

मुलगा परत आल्यावर नर्सने त्याला सगळं सांगितलं. तो गोंधळला. ‘मग उद्यापासून आम्ही काहीच करायचं नाही?’

‘बांगड्या तेवढ्या चढव,’ वालदा म्हणाल्या, ‘बाकीचं माझं मी बघेन.’

आम्ही 2 गुण लिहिले. मूळ प्रश्नावलीत त्या आकड्यापुढे मोजक्याच कामांना लागणारी मदत म्हणून बटणं आणि बांगड्या हीच उदाहरणं दिलेली आहेत. मग चौकटीतल्या ‘रुग्ण’ या शब्दापुढे खूण केली.