माळ्यावरचा सीपीयू

पुण्याच्या आयटीवाल्याला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन बघा. पाठीला कंपनीच्या नावाची सॅक आणि दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन रोपांना पाणी घालणारी माणसं भेटतात. 2023 च्या एप्रिलमध्ये मुळा-मुठेच्या काठची झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या गर्दीत संगणकावर पोट भरणारे कमी नव्हते. 2019 मध्ये आरेतली झाडं रातोरात पाडली गेली, तेव्हा मुंबईतल्या अशाच नोकरदारांनी रात्र जागवली. घरात शाडूचा गणपती येतो, ओला कचरा गॅलरीतल्या बादलीत जिरतो, भाजीला जाताना कापडी पिशवी आठवणीने घेतली जाते. आस्था आहे, आणि ती दिखाऊ आहे असं मला वाटत नाही.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्या यंत्रासमोर या माणसांचा दिवस जातो, त्या यंत्रापाशी आली की ही आस्था थांबते कशी? प्लॅस्टिकच्या पिशवीचं पुढे काय होतं याची चौकशी करणारा माणूस दर तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतो आणि जुन्याचं काय झालं हे त्याच्या मनातही येत नाही. त्याच्या ई-मेलच्या तळाशी मात्र एक हिरवं झाड असतं आणि ‘छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा’ अशी सूचना असते.

कागद वाचवला की आपलं कर्तव्य झालं, ही समजूत फार जुनी आहे. पूर्वी स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते असं लोक ठामपणे सांगत. वास्तविक तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकाच चित्राचा डाग पडू नये म्हणून केलेला होता. मासे पोहत असताना मॉनिटर तेवढीच वीज ओढत होता. आता स्क्रीनसेव्हरची जागा डार्क मोडने घेतली आहे. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यावर काळ्या रंगाने थोडी वीज खरंच वाचते. पण ऑफिसातल्या साध्या एलसीडी मॉनिटरच्या मागचा दिवा पुढचं चित्र काळं असो वा पांढरं, सहसा तसाच जळत राहतो. सोपं, फुकटचं आणि लगेच करता येण्यासारखं काही सांगितलं की आपण ते आनंदाने करतो. अवघड तेवढं राहून जातं.

एकदा कागदावर हिशेब मांडून बघितला. माझा लॅपटॉप चालू असताना साधारण 30 वॉट खातो. रोजचे आठ तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 72 युनिट होतात. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण चंद्रपूर-कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांवरच आपली बरीचशी भिस्त आहे. म्हणजे वर्षाला पन्नासएक किलो. आणि तोच लॅपटॉप तयार होताना? उत्पादकांचीच पत्रकं पाहिली तर साधारण 200 ते 300 किलो. डबा उघडून त्याचं बटण दाबण्याआधीच माझ्या नावावर चार-सहा वर्षांच्या वापराइतकं कर्ज चढलेलं असतं. ते फेडायचा एकच मार्ग दिसतो: यंत्र जास्तीत जास्त वर्षं चालवणं.

त्याच कागदावर दुसराही हिशेब बसतो. दीड टनाचा एसी तासाला एक-सव्वा युनिट सहज घेतो. लॅपटॉपची वर्षाची वीज बेडरूममधला एसी आठ-दहा रात्रींत संपवतो. हिंजवडीच्या ऑफिसांत मे महिन्यात मुली खुर्चीच्या पाठीला शाल टाकून ठेवतात आणि दुपारी ती पांघरून बसतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2020 पासून नवे घरगुती एसी सुरू होताना 24 अंशांवरच हवेत असा नियम करून घेतला, पण रिमोट आपल्याच हातात आहे. आणि ‘ऑनसाइट’ची एक अमेरिकावारी केली तर जाऊन-येऊन दरडोई दोन-तीन टन. लॅपटॉपचा सगळा जमाखर्च तिथे वाहून जातो! तरी मी लॅपटॉपवर अडून बसलो आहे, कारण प्रकरण कार्बनपाशी संपत नाही. त्याकडे येतोच.

आपले मेल आणि फोटो जिथे साठतात त्या क्लाउडचीही एक गंमत. 2025 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारी यंत्रणेने लोकांना जुने मेल आणि फोटो पुसून टाकायचा सल्ला दिला. डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं म्हणून. त्या सल्ल्याची यथेच्छ टिंगल झाली, आणि ती रास्तच होती. साठवून ठेवलेल्या मेलला पाणी जवळपास लागत नाही, आणि गळका नळ दुरुस्त केला तर त्याच्या कितीतरी पट वाचतं. पण टिंगलीच्या भरात मूळ गोष्ट विसरू नये. आपल्याकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जिथे कारखाने होते तिथे, आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. देशातल्या डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईतच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी 415 अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि हा आकडा वेगाने वाढतो आहे. तुम्ही-मी दोनशे मेल पुसल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही. वीज कुठून येणार, पाणी कोणतं वापरणार, हे त्या इमारतींना परवानगी देताना विचारायला हवं, आणि ते विचारायला नदीकाठच्या झाडांसाठी रस्त्यावर उतरली तशीच माणसं लागतात.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं आहेत. तिथल्या एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत मी लॅपटॉप दुरुस्तीला नेतो. टेबलावर निळी रबरी चटई, हीट गन, फ्लक्सचा वास, मल्टिमीटरच्या लोंबणाऱ्या दोन वायरी. दुरुस्ती करणारा तिशीतला तरुण आहे. तो मागचं झाकण उघडतो तेव्हा स्क्रू वाटीत टाकत नाही. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढतो आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवतो, कारण बिजागरीजवळचे लांब असतात आणि मधले आखूड. लांब स्क्रू आखुडाच्या जागी पिळला तर बोर्डातून आरपार जातो. मग तो पंख्याच्या जाळीतून राखाडी धुळीचा सबंध पट्टा चिमट्याने ओढून काढतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झालेली असते. ती स्पिरिटने पुसून नवी लावतो. ‘‘काका, मशीन स्लो नाही झालेलं, ते तापतंय. तापलं की आपणहून दम खातं,’’ तो म्हणतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली, की आठ वर्षांचं यंत्र पुढची चार-पाच वर्षं कुरकुर न करता काम करतं. खर्च नव्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

शेजारी एका मुलीचा नवाकोरा, कागदासारखा पातळ लॅपटॉप उघडा पडला होता. त्याच्यात रॅमची खाचच नव्हती. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. ‘‘ताई, ह्याच्यात मी काही वाढवू शकत नाही. हे घेतानाच ठरवायला पाहिजे होतं,’’ त्याने सरळ सांगितलं. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिला आस्था नव्हती असं कसं म्हणणार? तिच्या सॅकला स्टीलची बाटली लटकत होती. पण दुरुस्त होईल की नाही, हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. फ्रान्सने 2021 मध्ये लॅपटॉप आणि फोनवर दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं: उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, किती वर्षं मिळतात. आपल्याकडे 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. दुकानातल्या खोक्यावर मात्र अजून प्रोसेसरचे स्टिकरच चमकतात.

कधी कधी यंत्र धडधाकट असतं आणि निवृत्ती वरून लादली जाते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय आणि बहुतांशी 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. टाइप करायला, बँकेचं काम करायला, नातवंडांशी बोलायला पुरेसे असलेले कितीतरी संगणक त्या अटीत नापास झाले. कॅनालिस या संस्थेचा आधीचा अंदाज होता की जगभरात 24 कोटी यंत्रं यापायी भंगारात जाऊ शकतात. त्यावर लिनक्स टाका, असं सांगणारे लोक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी ते केलंही. मराठी टायपिंग बसवून घेतलं आणि पेन्शनरांच्या संघटनेची सगळी पत्रं त्यावरच लिहितात. पण हे करणाऱ्यांच्या घरात एखादा जाणता भाचा असावा लागतो.

आणि माळा. आपल्या घरांत संगणक आला तेव्हा त्याला झाकण शिवलं गेलं, त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा दंडक होता. आजही खंडेनवमीला ऑफिसात लॅपटॉपवर झेंडूचं फूल आणि कुंकवाचं बोट असतं. आदर आहेच; म्हणून संगणक मेल्यावरही टाकवत नाही. माळ्यावर जुना सीपीयू, त्याच्याशेजारी यूपीएस, एका बुटाच्या खोक्यात तीन चार्जर आणि पोट फुगलेली एक बॅटरी. ‘त्यात मुलाच्या मुंजीचे फोटो आहेत,’ हे कारण. फोटो काढून घ्यायला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास दहा वर्षं निघत नाही.

मग एक दिवस घराला रंग काढायचा ठरतो आणि सगळं भंगारवाल्याला वजनावर जातं. त्यानंतरचा प्रवास आपल्याला दिसत नाही. कुर्ला, साकीनाका, दिल्लीचं सीलमपूर. तिथे केबिनेटचा पत्रा, तांबं, प्लॅस्टिक वेगळं होतं आणि सर्किट बोर्ड उत्तर प्रदेशात मुरादाबादेपर्यंत जातात. तिथे ते जाळतात, आम्लात बुडवतात; उरलेली काळी राख रामगंगेच्या काठावर पडते. टनभर बोर्डात खाणीतल्या टनभर दगडापेक्षा कितीतरी जास्त सोनं असतं, म्हणून हा धंदा चालतो. सोनं एकाला मिळतं, शिसं आणि कॅडमियम दुसऱ्याच्या पोरांच्या अंगात भिनतं. मी कार्बनच्या हिशेबावर समाधानी नाही, ते यासाठी. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यांनी उत्पादकांवर पुनर्वापराचं उद्दिष्ट टाकलं आहे, सुरुवातीला 60 टक्के आणि पुढे चढतं. कागदावर नियम चांगला आहे. पण माळ्यावरून यंत्र खाली उतरवायचं काम कुठलाच उत्पादक करणार नाही.

कंपन्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी ‘रिफ्रेश’ होतात, हे तर वापरणाऱ्याच्या हातातच नसतं. त्यातले पुष्कळसे दुरुस्तीवाल्यांकडून पॉलिश होऊन लॅमिंग्टन रोडवर येतात आणि लातूर-नांदेडचा एखादा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी पंधरा-वीस हजारांत घेऊन जातो. त्याला पर्यावरणाबद्दल विचारलं तर तो गोंधळेल. परवडतं म्हणून घेतलं, एवढंच सांगेल. बुधवार पेठेतल्या त्या तरुणाच्या तोंडूनही मी पर्यावरण हा शब्द ऐकलेला नाही. निवृत्त मास्तर तर पैसे वाचले म्हणून खूश आहेत. माझ्या मते आजघडीला संगणक वापरणाऱ्यांत सगळ्यात पर्यावरणस्नेही लोक हेच आहेत. आस्था असलेल्यांचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो, आणि दर तीन वर्षांनी नवं यंत्र घेऊन त्याला हिरवं म्हणणाऱ्यांचा तर बराच खाली.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत तो सीपीयू खाली काढाच. आधी फोटो दुसरीकडे घ्या. हार्ड डिस्क काढून ठेवा, कारण नुसतं डिलीट केल्याने ती रिकामी होत नाही. चालण्यासारखं असेल तर दुरुस्त करून कुणाला तरी द्या. नसेल तर महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन द्या आणि पुढे ते कुठे जातं हे तिथे उभं राहून विचारा. फुगलेली बॅटरी मात्र टोचू नका, दाबू नका आणि घंटागाडीत टाकू नका, गाडी पेटते.