बोर्डाभोवतीची बोटभर जागा

मिक्सरच्या पॉइंटमधून लाल मुंग्यांची रांग निघाली होती. साखरेचा डबा लांब, गुळाची ढेप त्याहून लांब, आणि या बाया खुशाल भिंतीतून येऊन भिंतीतच परत जात होत्या. त्यांचा दरवाजा शोधायला वाकले तर पांढऱ्या प्लेटच्या उजव्या कडेचा गिलावाच निघालेला. आत बॉक्सचा पत्रा, त्यामागे विटेचा तांबूस गाल, आणि करंगळी जाईल एवढी फट.

तेव्हापासून कुणाकडेही गेले की नजर आधी बोर्डाकडे जाते. टीव्हीमागची भिंत हौसेनं सजवलेली असते, छताला पीओपीच्या महिरपी असतात, आणि फ्रिजच्या पॉइंटभोवती मात्र उंदरानं कुरतडल्यासारखी कड. ही बोटभर पट्टी कुणाचीच नसते. इलेक्ट्रिशियन छिन्नीनं झिरी पाडतो, पाइप टाकतो, बॉक्स ठोकतो, वर दोन थापा माल मारतो आणि म्हणतो, ‘‘फिनिशिंग गवंडी करेल, ताई.’’ एवढ्याशा कामाला गवंडी येत नाही. आलाच तर म्हणतो, ‘‘रंगवाला भरतो की लांबी.’’ रंगवाला धुळीवरूनच पुट्टीची पट्टी फिरवतो आणि वर ‘‘ते बोर्डवाल्याचं काम’’ असं बजावून जातो. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, हीच तर पंचाईत. वीट न भिजवता भरलेला माल सुकताना आकसतो, पत्र्याच्या गुळगुळीत अंगाला तो धरत नाही, आणि सोळा अँपिअरचा जाडा प्लग आपण रोज हिसका देऊन ओढतो. शिवाय वायरला धरून.

आजोळी हे दुखणं नव्हतं. तिथे सागवानी पट्टीवरून वायरी उघड्या धावायच्या. भिंतीत लाकडाची गुट्टी ठोकलेली, गुट्टीवर लाकडी बोर्ड, बोर्डावर काळे गोल खटके. वीज भिंतीवर राहायची, भिंतीत शिरायची नाही. आपल्याला वायरी दिसायला नकोशा झाल्या आणि भिंतीचं पोट फाडायची सुरुवात झाली. मला त्या पट्ट्या आवडायच्या. दिवा कुठून येतो ते बोटानं दाखवता यायचं.

असो. भरायला घेतलं. अशा वेळी नुसतं बटण बंद करून भागत नाही. जोडणाऱ्यानं तारांची अदलाबदल केली असेल तर बटण बंद असूनही पॉइंट जिवंत असतो. मेन खाली ओढायचा आणि तरी टेस्टर लावून बघायचा. प्लेट सैल करून पुढे घ्यायची, बॉक्सच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. जे हलतं ते सगळं खरवडून काढायचं, आणि कड आतून थोडी पोखरायची, म्हणजे नव्या मालाला पाय रोवता येतो. जुन्या टूथब्रशनं धूळ झाडायची. मग भिंत ओली करायची. कोरडी भिंत मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत होतो. पीओपी हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. कालवायला श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम, कारण तो दाबला की वाळलेला थर तडकून आपोआप सुटतो. पाण्यात पूड भुरभुरायची, पुडीत पाणी ओतायचं नाही. दोन थेंब लिंबू पिळलं तर घट्ट व्हायला जरा उशीर लागतो, नवशिक्या हाताला तेवढीच सवड.

आणि मग तो चमत्कार. भरलेल्या जागेवर तळवा ठेवला तर भिंत गरम लागते. पीओपी करताना जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्याच्यातलं पाऊण पाणी घालवलेलं असतं. ते पाणी परत मिळालं की पूड पुन्हा दगड होते आणि भट्टीत घेतलेली ऊब परत करते. राजस्थानच्या वाळवंटातून निघालेला दगड आपल्या ओट्याशेजारी दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा दगड होतो, हे मला कुठल्याही जादूच्या प्रयोगापेक्षा जास्त आवडतं.

कड भरताना मला अजिंठा आठवत राहिला. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर गर्दी करतात. मीही केली. पण डोळे मंद उजेडाला सरावले तसे ते चित्रावरून घसरून चित्राच्या किनाऱ्यावर गेले. रंग संपतो तिथे एक वेडीवाकडी सीमा आहे आणि तिच्यापलीकडे मातकट, मुकी भरणी. ती कुणी भरली? अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. गुलाम याझदानी पुराणवस्तू खात्याचे प्रमुख असताना, 1920 ते 1922 च्या सुमारास, इटलीहून लोरेन्झो सेकोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं गेलं. खडकापासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा धरवला, तुटक्या कडा बंद केल्या. चित्रांवर लाखेचं व्हार्निशही दिलं. तो हात पुढे पिवळा पडला आणि उतरवता उतरवता नंतरच्या माणसांची दमछाक झाली. चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी आधीच्या शतकात दिलेलं व्हार्निश होतंच. चकाकी आणणाऱ्यांनी त्रास दिला, कडा भरणाऱ्यांनी भिंत राखली, असं माझं एकतर्फी मत आहे. त्या कडांचा फोटो कुणी काढत नाही. ‘‘मॅडम, चित्र इकडे आहे,’’ असं पहारेकऱ्यानं मला सांगितलं आणि टॉर्चनं दाखवलंही. मी मान डोलावली आणि कोपऱ्यातलीच भेग बघत राहिले. तिथे मातीत कालवलेल्या गवताची एक काडी बाहेर डोकावत होती. दीड हजार वर्षं जुनी, आणि अगदी काल शेणमातीत मळल्यासारखी.

त्या गिलाव्यात माती आहे, भाताचं तूस आहे, गवताचे तंतू आहेत, वर चुन्याचा पातळ हात. म्हणजे किड्यांना जेवणावळच. वेरूळला मात्र गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आढळले. 2016 साली त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं. किडे दूर राहिले ते भांगेमुळे, असा त्यात कयास आहे. स्वयंपाकघरात हा उपाय करता येणार नाही, पोलीस खात्याचं मत वेगळं पडेल.

माझी कड वाळल्यावर घासून रंग दिला. रंग अर्थातच जुळला नाही. तोच डबा, तोच नंबर, तरी भिंत इतकी वर्षं फोडण्या खात आलेली आणि नवा रंग उपाशी. शेजारच्या काकू बघायला आल्या, कौतुकही केलं, मग म्हणाल्या, ‘‘एवढा कुटाणा कशाला गं? तुळशीबागेत स्टिकर मिळतात बोर्डाभोवती लावायचे. मोर आहेत, वेलबुट्टी आहे.’’ त्यांच्याकडे मोरच आहे. खाली किती पडझड आहे ते त्यांनाही आता आठवत नाही. मोराला माझी हरकत नाही. पण एवढं रान मोकळं असताना त्याला पिसारा फुलवायला गिझरचं बटणच का सापडावं?