आठवा हिरवा

१९९१ च्या मे महिन्यात मामा इंग्लंडहून रायपूरला आला आणि त्याच्या बॅगेतून चॉकलेटांआधी एक भलामोठा खोका निघाला. खेळाचं नाव ‘हीरोक्वेस्ट’. मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप या दोन कंपन्यांनी मिळून १९८९ मध्ये तो काढला होता. खोक्यात तळघराचा पट, कवटीची चित्रं असलेले फासे आणि बोटाएवढ्या ३५ प्लास्टिकच्या बाहुल्या. चार वीर लाल, भुतंखेतं हाडाच्या रंगाची, राक्षस हिरवे. आमचं इंग्रजी बेताचं, म्हणून बारसं घरीच झालं. उघडाबंब योद्धा तो भीम, दाढीवाला बुटकोबा, जादूगार म्हणजे बुवा. राक्षसांतले आठ ऑर्क होते, ते नुसते ‘हिरवे’. तात्यापाऱ्यातल्या आमच्या ओसरीवर त्या सुट्टीत दुसरं काही खेळलंच गेलं नाही.

नंतर केव्हातरी त्या आठ हिरव्यांवर कुणीतरी ऑइलपेंट थापला. ‘कुणीतरी’ म्हणजे दादाने, असं मी तीस वर्षं सांगत आलो. दिवाळीत किल्ला केला की मातीच्या मावळ्यांना आम्ही खिडक्यांचा उरलेला रंग लावायचो, तसाच हा. पण माती रंग पिते, प्लास्टिक पीत नाही. रंग डोळ्यांत, दातांत, बोटांच्या बेचक्यांत साचला आणि आठही जण हिरव्या साबणाच्या झिजलेल्या वड्यांसारखे दिसू लागले.

२०२१ मध्ये हा खेळ नव्याने बाजारात आला. ते वाचून मी माळ्यावरचा खोका खाली काढला. दोन बाहुल्या उंदरांनी कुरतडलेल्या, बाकी शाबूत. ठरवलं, जुना रंग काढायचा आणि या वेळी नीट रंगवायचं.

पहिली चूक दहा मिनिटांत झाली. बायकोच्या कपाटातून नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि एका हिरव्याचं तोंड पुसलं. रंग निघाला, मागोमाग तोंडही निघालं. अ‍ॅसिटोन रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवतं, हे त्या बाटलीला ठाऊक होतं, मला नव्हतं. त्याच्या गालावर माझ्या अंगठ्याची रेघन् रेघ उमटली होती. आधार कार्डाच्या यंत्रावरसुद्धा इतकी स्पष्ट कधी आली नव्हती.

मग कळलं की पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं, घरोघरी असतं ते पिवळं जंतुनाशक या कामाला चालतं. उरलेले सात हिरवे बरणीत रात्रभर बुडवले. सकाळी रंग सालीसारखा सुटत होता. आनंदाच्या भरात मी बरणी थेट नळाखाली धरली. सुटलेल्या रंगाला पाणी लागलं मात्र, त्याचा असा चिकटा झाला की बाहुल्या एकमेकींना, मला आणि बेसिनला धरून बसल्या. खरं तर बाहुली त्याच निर्भेळ जंतुनाशकात जुन्या टूथब्रशने घासायची, रंग पुरता गेला की मगच साबणाचं पाणी. ते मी दुसऱ्या दिवशी केलं. घरभर इतका वास की शेजारच्या काकू ‘कुणाचं ऑपरेशन झालं?’ म्हणून विचारायला आल्या.

तिसऱ्या चुकीचं खापर मी बरेच दिवस रायपूरच्या उन्हावर फोडलं. अस्तराचा स्प्रे मारायला गच्चीवर गेलो, तो मे महिन्यातल्या भर दुपारी. पारा पंचेचाळिशीकडे निघालेला. अशा कोरड्या उन्हात स्प्रेचे थेंब बाहुलीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत सुकतात आणि वर नुसती भुकटी बसते. हिरवे रव्यात घोळल्यासारखे झाले. पहाटे सहाला मारला असता तर काही झालं नसतं. पण ज्या माणसाला आईने जन्मभर ‘उन्हात जाऊ नकोस’ म्हटलं, तो बरोबर उन्हातच जातो. पुन्हा बरणी, पुन्हा तो वास.

रंगकाम मात्र जमलं, इथे खोटी नम्रता नको. अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ द्यायचे. मग गडद तपकिरी पाण्यासारखं करून सोडायचं, ते आपोआप सुरकुत्यांत उतरतं. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिक्या हिरव्याने नुसते उंचवटे घासायचे. शेवटच्या त्या हातासरशी दात, गालफडं, पट्ट्याचं बक्कल एकेक करून वर आलं. मी रात्री दोनपर्यंत बसून राहिलो. आणि ऑगस्टमध्ये, बाहेर झड लागलेली असताना, त्यावर मॅट वार्निश मारलं. दमट हवेत वार्निश पांढुरकं पडतं. सकाळी सातही जणांवर साय धरली होती. वरून चकचकीत वार्निशचा हात दिल्यावर ती बरीचशी गेली, पूर्ण नाही.

गणपतीत दादा भिलाईहून आला. मी त्याला सगळी कथा ऐकवली, ‘तू करून ठेवलेली घाण’ हे शब्द दोनदा वापरून. तो काही बोलला नाही. अंगठ्याचा ठसा असलेला, अर्धाच पुसलेला तो आठवा हिरवा त्याने उचलला आणि उलटा केला. बुडाशी त्याच जुन्या ऑइलपेंटने माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलेलं होतं. ते मी पाहिलेलं होतंच. लहानपणी मालकी सांगायला काढलं असेन, असं धरून चाललो होतो.

‘त्या दिवाळीत मी नागपूरला होतो,’ दादा म्हणाला. ‘होस्टेलवर. तू मला पत्र टाकलं होतंस, आठही रंगवले म्हणून. खूप भारी झालेत म्हणून.’

मी आईकडे पाहिलं. ती मोदकांच्या पाऱ्या वळत होती. ‘खिडकीचा डबा संपवलास म्हणून मार खाल्ला होतास,’ ती मान वर न करता म्हणाली.

जेवणं झाल्यावर पट मांडला. राक्षसांची बाजू दादाने घेतली. सात रंगवलेले हिरवे त्याने बाजूला सरकवले, पहिल्या खोलीच्या दारात तो आठवा उभा केला आणि फासे माझ्यापुढे ठेवले.