चाकणचा कातळ, पादऱ्याचे तेल आणि भेगांचा इतिहास

१/७
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० चा वेढा आठवतो. शाइस्ताखानाच्या सैन्याने बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने झुंजवलेला भुईकोट पडला. त्या भुयाराखालच्या कातळाचा इतिहास मात्र फार जुना आहे. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना लागणारा नैसर्गिक वायू याच भूमीतून का निघत नाही, याचे उत्तर त्या इतिहासात आहे.

२/७
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्याच सुमारास सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटू लागला. या ताणाने पश्चिमेकडील भूकवचाचे पट्टे खचले; पुण्याकडील पठार मात्र उंचच राहिले.

३/७
लाव्हा थिजताना आकसतो आणि खडकात सांधे पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे पाषाणस्तंभ हे त्याचेच रूप होय. पुढे भूकवचाच्या हालचालींनी नवे तडे जातात. काही भेगा उघड्या राहतात, तर काही कालांतराने खनिजांनी बुजतात. एरवी घट्ट असलेल्या बेसाल्टमध्ये पाणी, तेल वा वायू वाहतो तो प्रामुख्याने अशा उघड्या भेगांतूनच.

४/७
गुजरातेत खंबायतच्या खोऱ्यात हाच बेसाल्ट खाली खचला आणि त्यावर गाळाचे जाड थर साचले. गाळातील सेंद्रिय द्रव्याचे उष्णतेने व दाबाने तेल आणि वायू बनले. वडोदऱ्याजवळच्या पादरा येथे ते तेल बेसाल्टच्या भेगांत शिरले. तेथे चक्क दख्खनच्या काळ्या कातळातून तेल काढले गेले आहे.

५/७
चाकणच्या कातळातही भेगा आहेत. परंतु त्यावर तसा गाळ कधी साचलाच नाही. भेग वायू निर्माण करीत नाही, ती केवळ त्याला वाट आणि जागा देते. येथे त्या जागेत पावसाचे पाणी मुरले, तेही बेताचेच. म्हणूनच एका शेतकऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडची बोअर कोरडी जाते.

६/७
किनाऱ्यापलीकडे खचलेल्या भागाचे दैव निराळे ठरले. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम-फलाटावरून मुंबई हाय येथे तेल सापडले. १९७६ मध्ये वसईचे वायुक्षेत्र हाती आले. तेथील मुख्य साठे बेसाल्टवर साचलेल्या चुनखडकांत आहेत. आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणला वायू नळाने येतो; देशी वायूला आयात वायूचीही जोड असते.

७/७
पाण्याचेही तेच. वाढत्या उद्योगनगरीला कातळातले पाणी पुरणे शक्य नव्हते, म्हणून पवना धरणातून बंद जलवाहिनीची योजना आली. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊर येथे तिच्याविरोधातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या संघर्षाचा इतिहास लिहिताना शासननिर्णय आणि मोर्चे यांच्याबरोबर मावळ-चाकणच्या कातळाचाही विचार करावा लागतो. जमिनीने काय दिले नाही, हे कळल्यावाचून माणसे कशासाठी झगडली हे पुरते उमगत नाही.