हिशेबाची लेखणी

बारामतीचे नाव निघाले की मराठी वाचकाला मोरोपंत आठवतात. कऱ्हेच्या काठी वसलेल्या या गावात अठराव्या शतकात राहून पंतांनी हजारो आर्या रचल्या. त्यांना आश्रय दिला तो बाबूजी नाईक यांनी. आणि नाईकांचे घराणे पेशव्यांनाही कर्ज देणाऱ्या सावकारांचे होते. कवीची लेखणी आणि सावकाराची वही अशी एकमेकींच्या शेजारी नांदत होती. पंतांच्या लेखणीचा मराठी भाषेने सन्मान केला, तो योग्यच होय. परंतु लेखणीचे आणखी एक काम आहे. ते काव्यासारखे मनोहर नाही आणि त्याला कीर्तीही फारशी लाभत नाही. ते काम म्हणजे सामान्य माणसाला त्याच्या पैशाविषयी चार शहाणपणाचे शब्द सांगणे.

असे काम करणारे लेखक आज आहेत. त्यांतील कित्येक कोणा एका संपादकाचे नोकर नसतात. ते स्वतंत्रपणे लिहितात आणि छापून आलेल्या लेखागणिक त्यांना मानधन मिळते. त्यांचे विषय रोजच्या संसारातले असतात. किराणा रोखीने आणावा की उधारीने, हप्त्यांनी घेतलेल्या वस्तूची खरी किंमत किती, लग्नकार्यासाठी कर्ज काढावे काय, आजारपणासाठी किती रक्कम बाजूला ठेवावी, असे ते प्रश्न होत. अर्थशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत यांची उत्तरे सहसा सापडत नाहीत. शेजाऱ्याचा सल्ला आपुलकीचा असला तरी पुष्कळदा अपुरा असतो. या दोहोंमधली जागा हा लेखक भरून काढतो.

हे काम किती मोलाचे आहे, हे समजून घ्यावयाचे असेल तर इंदापूर आणि सुपे या दोन गावांचा इतिहास पाहावा.

इंग्रजी अमलाच्या प्रारंभीच्या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील जमिनींची मोजणी करून शेतसारा ठरविला. जमिनीचे उत्पन्न किती, लागवडीचा खर्च किती, शिल्लक किती, हे सारे कागदावर नीट मांडलेले होते. परंतु कागदावरचे पीक शेतात उभे राहिले नाही. इंदापूर भागात सारा इतका जड झाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. अखेर १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासूनच नव्या मोजणीला आरंभ केला. सारा कमी करून तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला, तेव्हा पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

इंदापुरात सरकारने शेतकऱ्याचा हिशेब मांडला होता. सुप्यात तो सावकाराने मांडला. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, म्हणून हिंदुस्थानातील कापसाला भाव आला आणि सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव उतरले, कर्ज मिळणे बंद झाले. त्यातच साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून नवे वाढीव दर लागू होऊ लागले.

याच सुमारास एका चांगल्या हेतूने केलेल्या कायद्याचा उलटा परिणाम झाला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरावा, असा नियम १८५९ साली करण्यात आला. व्याज फार साचू नये, हा त्यामागील हेतू. परंतु तीन वर्षे भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेत असे. याचा अर्थ एका साध्या उदाहरणावरून कळेल. समजा, कोणी दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने १०० रुपये घेतले आणि काहीच फेडले नाही. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज होऊन रोखा १७२ रुपयांचा झाला. आता व्याज १७२ रुपयांवर चालू लागले. सहा वर्षांनी तो रोखा सुमारे २९६ रुपयांचा आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचा झाला. शेतकऱ्याच्या हाती आले होते ते केवळ शंभर! कित्येकदा फेडलेल्या रकमेची पावतीही मिळत नसे. रोख्यात काय लिहिले आहे हे अनेकांना वाचता येत नव्हते. तरी त्याखाली त्यांचा अंगठा मात्र उठत होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भोवतालचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. ते हाती येताच त्यांची होळी केली. काही दुकाने लुटली गेली. परंतु माणसांना इजा फारशी झाली नाही. लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. हा दंगा पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी नवा कायदा झाला. शेतकऱ्याला पावती द्यावी आणि त्याने मागितल्यास खातेपुस्तक द्यावे, त्याचे रोखे गावच्या नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत, अशा तरतुदी त्यात होत्या.

त्या होळीत रोखे जळाले, अज्ञान जळाले नाही. कायद्याने शेतकऱ्याच्या हाती पावती दिली. परंतु ती वाचण्याची शक्ती कायदा कोठून देणार? ती शक्ती शाळा देते आणि शाळा सुटल्यावर हिशेबाविषयी सोपे लिहिणारा लेखक ती जागी ठेवतो.

आता या भागाचे रूप पालटले आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने पाणी आणले आणि उसाचे मळे उभे राहिले. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर येथे आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने आहेत. परंतु उसाचे पैसे रोज येत नाहीत. ते आले म्हणजे एकदम मोठी रक्कम हाती पडते, आणि खर्च मात्र बारा महिने चालू असतो. अशा वेळी त्या लेखकाचा उपदेश अगदी साधा असतो : आलेल्या रकमेचे बारा भाग पाडा, खते, बियाणे आणि मुलांचे शिक्षण यांचा वाटा आधी काढा, कर्ज घ्याल तर व्याजासह एकूण किती परत करावयाचे, तो आकडा आधी विचारा, आणि वाचल्यावाचून सही करू नका.

अर्थात, या उपदेशालाही मर्यादा आहे. ज्याची मिळकतच पोटाला पुरत नाही, त्याला काटकसरीचे धडे देणे निर्दयपणाचे होईल. सुप्याच्या शेतकऱ्याने रोज हिशेब लिहिला असता, तरी कापसाचा भाव चढला नसता, की सारा उतरला नसता. प्रामाणिक लेखक हे ओळखतो आणि गरिबाच्या दुःखाचा सगळा दोष त्याच्याच माथी मारीत नाही.

त्याच्या प्रामाणिकपणाची आणखी एक कसोटी असते. मानधन थोडे मिळते, आणि एखादी फसवी योजना चांगली म्हणून लिहिल्यास पुष्कळ मिळू शकते. वाचक त्याच्या शब्दावर विसंबून आयुष्याची पुंजी गुंतवतो. तो शब्द विकला गेला, तर सुप्याच्या त्या खोट्या रोख्यांत आणि त्याच्या लेखात अंतर ते काय उरले? म्हणून तो थोड्या पैशांत समाधान मानतो आणि जे खरे असेल तेच लिहितो.

एखाद्या घरी रात्री जेवणे झाल्यावर त्याचा लेख वाचून कोणी जमाखर्चाची वही उघडते. घरातील मुलगी बेरीज करते, आजी तिला विसरलेला दुधाचा खर्च सांगते. बेरीज चुकते, पुन्हा केली जाते आणि अखेर जुळते. त्या वहीत लेखकाचे नाव कोठेही नसते. त्यातील अक्षर त्या घरातले असते, आणि त्यातच त्या लेखकाला आनंद वाटतो.